बिनहेल्मेटचा एकनाथ



आज आठवू या
क्रिकेटपटू एकनाथ सोलकरला.

जन्म १९४८, मुंबई.
वडील हिंदू जिमखान्याच्या
मैदानाची देखभाल करायचे.
तिथेच एकनाथ खेळू लागला.

त्याची जागा फॉरवर्ड शॉर्ट लेग.
फलंदाजाच्या अगदी पुढ्यात.
डोक्यावर हेल्मेट नाही!

१९७१. ओव्हलचं मैदान. भारत विरुद्ध इंग्लंड.
गोलंदाज वेंकटराघवन.
अ‍ॅलन नॉटच्या बॅटला चेंडू लागला.
एकनाथनं पुढे झेप घेतली,
आणि जमिनीलगत झेल टिपला.
काय झेल होता तो!
तो सामना भारतानं जिंकला.
इंग्लंडच्या भूमीवरचा आपला पहिला कसोटी विजय.

२७ कसोटी, ५३ झेल.
पुन्हा सांगतो,
२७ कसोटी, ५३ झेल.
म्हणजे सामन्याला जवळजवळ दोन.
तेही हेल्मेटविना.

गावच्या मैदानावर
जवळ उभं राहणाऱ्या पोरांनो,
तुम्ही मात्र हेल्मेट घालाच.