शरीराचे पहारेकरी आणि पावसाळी ताप

गोरेगांवच्या पूर्वेस १९४९ सालीं वसलेली आरे कॉलनी पावसाळ्यांत हिरवीगार होते. त्याच दिवसांत तबेल्यांभोंवतीं चिखल सांचतो आणि त्यांतून माणसांची व म्हशींची सारखी ये-जा चालूं असते. अशा पाण्यांत मळसूत्रासारखा पीळदार असा एक सूक्ष्म जंतु असूं शकतो. त्याचें नांव लेप्टोस्पायरा. उंदीर, गुरें व कुत्रीं यांच्या मूत्रपिंडांत तो राहतो, मूत्रावाटे पाण्यांत उतरतो आणि पायावरील लहानशा ओरखड्यांतूनही मनुष्याच्या रक्तांत शिरतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरामागोमाग मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसची सांथ आली.

या जंतूचा एक दूरचा भाऊबंद, बोरेलिया, अमेरिकेंत व युरोपांत गोचिडीच्या दंशावाटे लाइम रोग उत्पन्न करतो. दोघांच्या आवरणांत मेदाचा अंश जोडलेलीं प्रथिनें असतात. बोरेलियाच्या अशा एका प्रथिनास ओस्प-ए म्हणतात, तर लेप्टोस्पायराच्या प्रथिनास लिप-एल-३२. मनुष्याच्या संरक्षक पेशींवर टोल-लाइक रिसेप्टर-२ नांवाचा जणूं पहारेकरीच बसलेला असतो. मेदाच्या त्या शेपटीवरून तो परका जंतु ओळखतो. लागलीच पेशी सायटोकाइन नांवाचे रासायनिक निरोप सर्वत्र धाडतात. ताप चढतो, अंग ठणकतें, दाह सुरू होतो.

हा दाह मुळांत रक्षणासाठींच असतो. परंतु चोर धरण्याच्या झटापटींत घराचींच दारें मोडावींत, तसें कधीं कधीं घडतें. जंतूच्या उपद्रवांत या अनावर दाहाची भर पडून मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसें यांस इजा पोंचते.

यावरूनच एका चमत्कारिक गोष्टीचा उलगडा होतो. औषधाची पहिली मात्रा पोटांत जातांच कांहीं रोग्यांचा ताप उतरण्याऐवजीं चढतो. मरणाऱ्या जंतूंचे तुकडे रक्तांत मिसळल्यानें पहारेकरी एकदम खवळतात, हें त्याचें कारण मानतात. अशा वेळीं घरच्यांनीं आपण होऊन औषध बंद करूं नये. डॉक्टरांस तत्काळ कळवावें.

साचलेल्या पाण्यांतून चालावें लागल्यास पाय साबणानें स्वच्छ धुवावे व जखम झांकावी. प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें ७२ तासांच्या आंत घ्यावें, आणि पावसाळ्यांतील ताप अंगावर काढूं नये. पहारेकऱ्यांची झुंज घर मोडण्यापर्यंत जाण्यापूर्वींच त्यांस मदत पोंचावी, हें उत्तम.