रेल्वे सर्वांची, मूल्यवृद्धी कोणाची?

(वार्षिक सभेत केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी आम्ही निवडलेला विषय काहींना रुक्ष वाटण्याचा संभव आहे. रेल्वे, रस्ते, पूल अशा सार्वजनिक कामांमुळे आसपासच्या जागेची किंमत का वाढते आणि ती वाढ कोणाच्या पदरात पडते, हा तो विषय होय. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके जमिनीपासून दूर ठेवले गेले, त्याने तरी हा प्रश्न रुक्ष म्हणून बाजूला सारू नये, असे आम्हांस वाटते.

उदाहरण जवळचेच घेऊ. २४ मे २०२२ रोजी लंडनमध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाली. तिच्यासाठी सुमारे १९ अब्ज पौंड खर्च झाले. साउथॉल, हेज, स्लाउ ही भारतीय उपखंडातून आलेल्या कष्टकऱ्यांनी गजबजलेली गावे तिच्यामुळे थेट मध्य लंडनशी जोडली गेली. आता विचार करा. स्टेशनजवळच्या घराच्या भिंती त्याच, छप्पर तेच, खोली एकही वाढलेली नाही. तरी किंमत चढते. कारण प्रवासाचा वेळ वाचतो आणि रोजगार जवळ येतो. स्टेशनजवळ राहू इच्छिणारे वाढतात, पण स्टेशनजवळची जमीन वाढत नाही. म्हणून वाचलेल्या वेळेचे मोल शेवटी जमिनीच्या किमतीत जाऊन मुरते. यासाठी पहिली गाडी धावण्याचीही वाट पाहावी लागत नाही. मार्ग मंजूर झाल्याची बातमी पुरते.

हा खर्च कोणी केला? करदात्यांनी आणि प्रवाशांनी. लंडनमधील मोठ्या व्यावसायिक जागांवर एप्रिल २०१० पासून दर पौंड मूल्यांकनामागे २ पेन्सांचा अधिभार बसविला गेला, आणि २०१२ पासून नव्या बांधकामांवर आकार लावला गेला. मात्र ज्याचे घर किंवा मोकळी जमीन स्टेशनजवळ आधीपासून होती, त्याच्याकडून या मूल्यवृद्धीपोटी वेगळे असे काहीच घेतले गेले नाही. इंग्लंडमधील कौन्सिल टॅक्स तर अद्यापि १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर आकारला जातो. दाराशी नवी रेल्वे आली म्हणून घराची श्रेणी बदलत नाही. राहते घर विकून झालेल्या नफ्यावरही सर्वसाधारणपणे कर नाही. कष्टावाचून मिळणाऱ्या या लाभाला अर्थशास्त्रात ‘अनर्जित मूल्यवृद्धी’ असे म्हणतात.

भाडेकरूची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. १९८८ च्या हाउसिंग कायद्याने नव्या खासगी भाडेकरारांचे दर बाजाराच्या हाती सोपविले. भाडेकरू कर भरतो, तिकीट काढतो आणि वर स्टेशन जवळ आले म्हणून वाढीव भाडेही देतो. एकाच रेल्वेची किंमत तो तीनदा मोजतो, आणि भाडे न झेपल्यास त्याच रेल्वेने दूरच्या गावी राहावयास जातो.

येथे आणखी एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. सार्वजनिक कामाच्या वापरातून होणारा आवाज, धूर वा कंपने यांमुळे घराची किंमत उतरली, तर १९७३ च्या लँड कॉम्पेन्सेशन कायद्यान्वये मालकास भरपाई मागता येते. हे न्याय्यच आहे. परंतु किंमत उतरली तर तोटा समाजाने सोसावयाचा आणि चढली तर नफा मालकाने ठेवावयाचा, हा न्याय एकाच डोळ्याने पाहणारा नव्हे काय?

हा प्रश्न या देशास नवा नाही. मेट्रोपॉलिटन रेल्वेने तो ओळखला होता. १९१९ मध्ये तिच्या पुढाकाराने जमीन विकसित करणारी स्वतंत्र कंपनी निघाली आणि वेम्बली पार्क, पिनर या बाजूला घरे बांधून रेल्वेमुळे वाढलेल्या किमतीचा वाटा मिळविला गेला. सरकारनेही प्रयत्न केले. लॉइड जॉर्ज यांच्या १९०९ च्या अर्थसंकल्पातून जमिनीच्या मूल्यवृद्धीवर २० टक्के कर आला. तो १९२० मध्ये, म्हणजे बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला परतले त्याच वर्षी, रद्द झाला. १९४७ च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याने विकासातून होणारी सारी मूल्यवृद्धी सरकारकडे वळविली. १९५३ मध्ये तोही आकार गेला. त्याच १९४७ साली बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, असा आग्रह धरला होता. जमीन ज्याच्या हाती, त्याच्या हाती इतरांचे जगणे, हे त्यांनी जाणले होते.

बंधू-भगिनींनो, हे बोलणे आम्हांस सोपे नाही. आपल्या आधीच्या पिढीने कारखान्यांत रात्रपाळ्या केल्या. भाड्याने खोली देण्यास लोक नकार देत, म्हणून पै-पै साठवून घरे घेतली. ती मिळकत कष्टाची आहे, यात शंका नाही. परंतु त्या घरांवर पुढे चढलेल्या किमतीचा मोठा भाग आपल्या कष्टाचा नव्हे. आज याच सभागृहात घरमालक बसले आहेत, आणि नुकतेच आलेले विद्यार्थी, परिचारिका व वृद्धसेवेतील कामगार भाडेकरू म्हणून त्यांच्या शेजारी बसले आहेत. कष्टावाचून मिळणारा आणि वारशाने चालत राहणारा लाभ आपण जातिव्यवस्थेत नाकारला. मग तो आपल्या दाराशी आला म्हणून गोड मानावयाचा काय?

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली, आपल्या भागात मोठे बांधकाम येत असेल तेव्हा नियोजनाच्या अर्जावर मुदतीत हरकती व सूचना द्याव्यात. तेथे केवळ ‘परवडणारी’ घरे मागून थांबू नये. २०११ पासून या नावाखाली बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडे घेता येते. सोशल रेंटची घरे, असे स्पष्ट शब्दांत मागावे. दुसरी, वाढीव भाड्याची नोटीस आल्यास भाडेकरूने निमूट मान डोलावू नये; ती न्यायाधिकरणापुढे नेता येते. संस्थेतील जाणत्यांनी त्याला अर्ज लिहून द्यावा. तिसरी, कौन्सिल टॅक्सचे नव्याने मूल्यांकन करा ही मागणी निघाली, तर आपल्यातील घरमालकांनी खिशाला झळ लागेल म्हणून विरोध करू नये.

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब गरीब विद्यार्थी म्हणून राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते ३० लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन घेतले. सार्वजनिक पैशाने घेतलेले ते घर आज स्मारक म्हणून सर्वांचे आहे. परंतु तसाच एखादा विद्यार्थी आज लंडनमध्ये उतरला, तर त्याला परवडेल अशी खोली कोठे मिळेल, याचा विचार आपण येथून जाताना करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम.