पद्मिनीचं इंजिन उतरवताना



कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी…
आजही काही अंगणांत जिवापाड जपलेली आहे.
तिचं इंजिन घरीच उतरवायचंय?

आधी बॅटरीच्या तारा सोडवा.
इंजिन थंड झालं, की रेडिएटरचं पाणी काढा.
प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा.
महिनाभरानं काही आठवत नाही, खरंच!

गिअरबॉक्स गाडीतच ठेवणार?
मग त्याला खालून जॅकचा आधार द्या.

आता चेन-पुली.
ती घराच्या वाशाला मुळीच टांगू नका.
वासा छपराचा भार पेलतो, इंजिनाचा नाही.
लोखंडी घोडी भाड्यानं आणा.
साखळीनं भार घेतल्यावरच…
फाउंडेशनचे बोल्ट सोडा.

टांगलेल्या इंजिनाखाली कुणी जायचं नाही.
पुन्हा सांगते…
टांगलेल्या इंजिनाखाली कुणीही जायचं नाही.

इंजिन अडलं, तर ओढू नका.
एखादा पाइप जोडलेला राहिला असेल.
थांबा, तो शोधा.