जुना लेग व्हाइस भंगारात घालू नका



पेरणीचा वापसा आलाय आणि नेमकी त्याच दिवशी कुळवाची फास वाकली, तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. लोहारदादा दुसऱ्या गावी गेलेले असले की दिवस गेलाच. घण घरात असतो, हातात जोरही असतो. अडतं ते फास घट्ट धरण्यावर. म्हणून आज बी-बियाणं आणि खतं बाजूला ठेवून, कुठंतरी वाड्याच्या कोपऱ्यात गंजत पडलेल्या लेग व्हाइसबद्दल, म्हणजे लांब पायाच्या व्हाइसबद्दल बोलू.

टेबलावर बसवतात तो व्हाइस बहुधा बिडाचा असतो. कानस चालवायला, आरी ओढायला तो उत्तम. पण त्यात धरून घण घातला तर बीड तडकतं. लेग व्हाइस घडीव लोखंडाचा. त्याच्या पक्क्या जबड्याचं लोखंड तसंच खाली जमिनीपर्यंत पाय होऊन गेलेलं असतं. घणाचा मार जबड्यातून पायात आणि पायातून जमिनीत उतरतो. त्याचं सारं मोल या पायात आहे. भंगारवाला मात्र तो किलोवर तोलतो आणि 20 ते 40 किलो लोखंडाचे पैसे हातावर ठेवतो.

आधी आटे तपासा. स्क्रू निम्मा उघडा, पुढंमागं हलवून बघा. थोडा खेळ असणारच. पण आट्यांच्या कडा झिजून सुरीसारख्या झाल्या असतील, तर तो व्हाइस जोराला टिकायचा नाही. स्क्रू आणि त्याची नळी ही जोडी असते. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या नळीत सहसा बसत नाही.

जाम झाला असेल तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये दोन-तीन दिवस भिजू द्या. मग दांडा हळूहळू मागंपुढं फिरवा आणि बिजागरीच्या बोल्टवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. घाईनं भट्टीत मात्र घालू नका. कित्येक जुन्या व्हाइसच्या नळीत आटे पितळेच्या झाळानं बसवलेले असतात. झाळ वितळला की आटे सुटून येतात. इंग्लंडातल्या डडलीच्या पीटर राइट कारखान्याचा ‘सॉलिड बॉक्स’ असा ठसा असेल, तर आटे अखंड लोखंडात कापलेले असतात. तरीही जबडे तापवू नयेत, त्यांचं पाणी उतरतं. तारेच्या ब्रशनं आटे घासा, माती निघाली की ग्रीस लावा. आतली कमान मोडलेली असली तरी काम अडत नाही, हलता जबडा हातानं ओढावा लागतो इतकंच.

आता बसवणं. इथंच बहुतेक ठिकाणी चुकतं. पट्टी आधी आवळतात आणि पाय जमिनीपासून बोटभर अधांतरी राहतो. मग प्रत्येक घाव पट्टीच्या स्क्रूवर येतो आणि चार दिवसांत सगळं खिळखिळं होतं. म्हणून पाय आधी, पट्टी नंतर.

वाळलेल्या बाभळीचा आठ-नऊ इंच जाडीचा खांब घ्या. पुरायच्या भागाला डांबर लावून तो तीन फूट खोल पुरा आणि भोवती मुरूम ठोकून बसवा. ओल्या लाकडाचा खांब पुढं आकसतो. खांबाचं डोकं नळीच्या खाली राहील असं बेतानं कापा, कारण नळी त्याच्यावरून मागं जाते. डोक्याला लोखंडी कडं घाला. उभ्या धाग्यात आखूड स्क्रू धरत नाहीत, लांब कोच स्क्रू वापरा.

पायाखाली फुटक्या जात्याची तळी पुरावी. खुंटा काढला की तिच्या मधल्या भोकात पायाचं टोक बसवता येतं. भोक टोकापेक्षा थोडं खोल हवं, म्हणजे पायाचा खांदा दगडावर टेकेल. खांद्याखाली कागदाचा तुकडा सरकवा. तो ओढून निघाला तर पाय टेकलेला नाही, पातळ पत्रा घाला. ओळंबा लावून पाय उभा करा आणि मगच पट्टीच्या पाचरी ठोका. जबडे उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावेत. कमी पडलं तर दगड वर घ्या.

जबडा बिजागरीवर फिरतो, म्हणून फार उघडला की वस्तू खालच्या कडेवरच धरली जाते. तो दोष नव्हे, घडणच तशी. जाड वस्तू जपून धरा. दांड्याला पाइप चढवून आवळू नका, आटे जातील. जबड्यांच्या पोलादी तोंडावर घण बसू देऊ नका. कपची उडाली तर डोळा जातो. धारेचं हत्यार धरताना जबड्यांत तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा घाला.

आठ-दहा दिवसांनी पाचरी पुन्हा ठोकून घ्या. काम संपलं की दांडा उभा लोंबता ठेवा, नाहीतर येता-जाता कुणाच्या तरी कमरेत बसतो.