तीस चित्रपटांचें दुकान

एफे चाकारेल हा तुर्की तरुण तोक्योंतील एका उपाहारगृहांत बसला असतां त्यास वाँग कार-वाय यांचा 'इन द मूड फॉर लव्ह' हा चित्रपट इंटरनेटवर पाहावासा वाटला. तो कोठेंच मिळेना. त्या अडचणींतून २००७ सालीं त्यानें जो व्यवसाय काढला, तोच पुढें 'मुबी' या नांवानें प्रसिद्धीस आला. मोठ्या कंपन्यांच्या छत्राबाहेर निघालेले चित्रपट घरबसल्या दाखवावयाचे, हा त्याचा हेतु.

माल मात्र मोठा अवघड! चित्रपट एकच, परंतु त्याचे हक्क देशोदेशीं निरनिराळ्या धन्यांकडे. प्रत्येकाशीं करार निराळा. संख्येंत मोठ्या भांडारांची बरोबरी करणें लहान मंडळीस अशक्यच. तेव्हां चाकारेल यानें उलटी वाट धरली. केव्हांही तीसच चित्रपट. रोज एक नवा यावयाचा, एक जुना जावयाचा. निवड जाणत्या माणसांनीं करावयाची. अल्प मुदतीच्या हक्कांस पैसाही बेताचा लागे, आणि एरवीं 'पाहूं पुढें' म्हणून राहून जाणारा चित्रपट मुदतीच्या धाकानें पाहिला जाई. वाण्याच्या दुकानांत ही युक्ति खचित चालली नसती.

२०२० मध्यें आधींच्या चित्रपटांचा संग्रहही वर्गणीदारांस खुला झाला आणि तिसांची मर्यादा सुटली. ग्राहकांची सोय झाली खरी; पण आज रात्रीं जाणारा चित्रपट आजच पाहण्याची ती निकड पूर्वींइतकी उरली नाहीं.