बोनिफाचोचे कडे

कॉर्सिका बेटाचा मोठा भाग ग्रॅनाइटचा. परंतु त्याच्या अगदीं दक्षिण टोकाशीं पांढरा चुनखडक वर आला आहे, आणि त्याच्या एका चिंचोळ्या भूशिरावर बोनिफाचो हें जुनें तटबंदीचें गांव वसलें आहे. गांवाच्या एका अंगास लांबट, निवांत खाडी. दुसऱ्या अंगास भर समुद्र आणि त्यांत उभे उतरणारे ६०-७० मीटर उंचीचे कडे.

हें गांव आधीं खालून, होडींतून पाहावें. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, पुस्तकांची थप्पी रचली असून तिच्यांतील खालचीं पुस्तकें कोणीं आंत ढकललीं आहेत. कड्याचे आडवे थर तसेच दिसतात. लाटा पायथा पोखरतात, खारा वारा व पाऊस मऊ थर खरवडतात. कठीण थर मात्र पुढें आलेले राहतात, आणि त्यांच्या अगदीं कडेवर माणसांचीं घरें! आधार सुटला म्हणजे वरचा खडक कोसळतो. असाच सुटलेला एक प्रचंड तुकडा समुद्रांत उभा आहे. लोक त्याला ‘वाळूचा कण’ म्हणतात. थट्टा मोठी मार्मिक खरी.

कड्याच्या अंगांत १८७ पायऱ्यांचा एक तिरपा जिना खोदलेला आहे. आरागॉनचा राजा पांचवा अल्फोन्सो यानें १४२० मध्यें जेनोआच्या ताब्यांतील या गांवास वेढा दिला, तेव्हां त्याच्या सैनिकांनीं तो एका रात्रींत खोदला, अशी दंतकथा आहे. ऐकावयास गोड, हिशेबास अवघड! पायथ्याशीं गोडें पाणी आहे, आणि त्यासाठींच ही वाट आधीं पाडली गेली असावी, हें अधिक पटतें. वेढ्यांत सांपडलेल्या गांवास पाण्यासारखें दुसरें काय मोलाचें? वेढा १४२१ त उठला. जिना आजहि तसाच उभट आहे. उतरतांना मौज वाटते, चढतांना बोलणें बंद होतें.

समोर सार्डिनिया, अवघें १२ किलोमीटर. सामुद्रधुनी अरुंद, वारा मात्र बेभान. १८५५ च्या फेब्रुवारींत क्रिमियाच्या युद्धासाठीं सैनिक घेऊन निघालेली ‘सेमियांत’ ही फ्रेंच युद्धनौका जवळच्या लाव्हेझी बेटांच्या खडकांवर फुटली. नौकेवर सुमारें ७०० माणसें होतीं. एकहि वांचला नाहीं. त्यांचीं थडगीं त्याच बेटावर, ग्रॅनाइटच्या शिळांमध्यें आहेत.