बंद पडलेला कॉम्प्युटर आणि आपले उघडे डोळे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाककृती, शिवणकाम, मुलांचे आरोग्य अशा विषयांवर चार शब्द ऐकतो. यंदा अध्यक्षीणबाईंनी मला कॉम्प्युटरच्या दुरुस्तीवर बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विदुषीसारखे भाषण माझ्याकडून होणार नाही. पण आमच्या घरी चार यंत्रमाग आहेत, टॉवेलांची बिले कॉम्प्युटरवर निघतात, मुलीचा अभ्यास आणि परीक्षेचे अर्जही त्यावरच होतात. ते यंत्र बंद पडले की घर अडते. म्हणून जे हाताने शिकले, तेवढेच सांगते.

आपण बाजारात मालदांडी ज्वारी घेतो तेव्हा काय करतो? मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली धरतो. दुकानदार कितीही गोड बोलला तरी कीड लागलेली ज्वारी आपल्या पदरात पडत नाही, कारण आपल्याला ज्वारी कळते. तीच बाई बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन दुकानात गेली की मान खाली घालून उभी राहते. समोरचा सांगेल ते खरे आणि मागेल ते पैसे. लबाड दुकानदाराचे भांडवल म्हणजे आपले हे न कळणे, दुसरे काही नाही.

दोन वर्षांमागे, ऐन मे महिन्यात, आमचा कॉम्प्युटर सुरू होईना. बटन दाबले की आत पंखा फिरे, बीप बीप असा आवाज येई आणि पडदा काळाच राही. दुकानातील माणसाने दोन मिनिटे पाहिल्यासारखे केले आणि म्हणाला, “मावशी, मदरबोर्ड गेलाय. आठ हजार लागतील. नाहीतर नवाच घ्या.” मी विचारले, “कशावरून गेला?” तर म्हणे, “ते तुम्हाला कळायचं नाही, साहेबांना पाठवून द्या.” मी यंत्र उचलून रिक्षात घातले आणि घरी आणले.

माझा भाचा पॉलिटेक्निकला शिकतो. त्याने स्वतः हात न लावता मलाच समोर बसविले आणि म्हणाला, “मामी, मी सांगतो, तू कर.” वीज काढून बाजूचे झाकण उघडले तो काय! मागाच्या सुताचे बारीक तंतू आणि धूळ यांचा चांगला नमदा आत बसलेला. ब्रशाने तो काढला. मग आतील रॅम नावाची लांबट पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून पोरीचे पांढरे खोडरबर हलके फिरविले आणि पट्टी पुन्हा जागेवर बसविली. बटन दाबताच पडदा उजळला. आठ हजारांचे दुखणे खोडरबराने गेले!

भगिनींनो, या गोष्टीतील मर्म लक्षात घ्या. रॅम म्हणजे यंत्राची कामापुरती आठवण. तिच्या दातांवर मळ बसला की यंत्राला ती सापडत नाही आणि ते पुढे पाऊल टाकत नाही. मदरबोर्ड खरोखरीच गेला तरी पडदा काळा, आणि रॅम मळली तरी पडदा काळा. लहान आजार आणि मोठा आजार बाहेरून सारखेच दिसतात. लबाडीला जागा मिळते ती इथे. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी लहान आजार घरीच तपासून बाजूला काढावेत. ते कसे, हे आता क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट विजेची. ज्या प्लगमध्ये यंत्र लावले आहे, त्यात दुसरे काही लावून वीज येते का ते पाहावे. मागची जाड काळी वायर नीट आत दाबावी. डब्याच्या मागे एक लहान खटका असतो, झाडलोट करताना तो कधी कधी बंद होतो. पडद्याचा स्वतःचा दिवा लागतो का, आणि पडद्यापासून डब्यापर्यंतची वायर सैल आहे का, हेही पाहावे.

दुसरी गोष्ट धुळीची. आपल्या सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, आणि ज्यांच्या घरी माग आहेत त्यांच्याकडे तंतू उडायचेच. पंखा तंतूंनी भरला की आतील उष्णता बाहेर पडत नाही. यंत्र तापले की आधी मंद होते आणि मग स्वतःला वाचविण्यासाठी आपणहून बंद पडते. यालाच कोणी “प्रोसेसर गेला” म्हणून पैसे काढतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा मऊ ब्रशाने आत साफ करावे. साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवावा, गरगर फिरू देऊ नये. ओले फडके मुळीच लावू नये.

तिसरी गोष्ट त्या रॅमची. पट्टीच्या टोकाला चिमटे असतात, ते बाजूला सारले की पट्टी वर येते. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते. ती खाच जुळवूनच पट्टी परत बसवायची. चिमटा टक् असा आवाज करून लागला की ती बसली.

चौथी गोष्ट घड्याळाची. कॉम्प्युटर दर वेळी चुकीची तारीख दाखवू लागला, तर आत नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, तो संपलेला असण्याचा संभव फार. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. तो तीन व्होल्टचा असतो आणि थोडक्या पैशांत मिळतो. त्यासाठी यंत्र दुकानात ठेवायचे कारण नाही.

मात्र पथ्यही तितकेच सांभाळा. झाकण उघडण्याआधी वायर भिंतीतून काढा, मग सुरू करायचे बटन काही क्षण दाबून धरा आणि डब्याच्या पत्र्याला एकदा हात लावा, म्हणजे अंगातील वीज उतरते. ज्या पेटीत विजेची जाड वायर जाते, ती पेटी कधीही उघडू नका. वीज काढल्यावरही तिच्यात धक्का देण्याइतकी वीज साठून राहते. लॅपटॉपचे पोट फार नाजूक, ते माहीतगाराकडेच द्यावे. जळका वास आला तर सगळे बंद करून कारागीर गाठावा. एवढे केल्यावरही यंत्र बंदच राहिले, तर दुखणे मोठे आहे असे समजून दुकानात जावे.

दुकानात जातानाही रिकाम्या मनाने जाऊ नये. आमच्या आळीतील एका बाईंचा कॉम्प्युटर मंद झाला म्हणून दुरुस्तीला दिला. दुकानदाराने न विचारता “फॉरमॅट” केला. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणे. त्यात त्यांच्या कैलासवासी यजमानांचे सगळे फोटो गेले. यंत्र पळू लागले, पण त्या बाई आजही त्याच्यासमोर बसल्या की डोळे पुसतात. म्हणून फोटो आणि हिशेब यांची एक नक्कल वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घरी ठेवा आणि मगच यंत्र द्या. “मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचे नाही” असे पावतीवर लिहून घ्या.

लेकीसुनांचे फोटो असतील तर अधिक जपा. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम किरकोळ बिघाड करून लॅपटॉप दुकानांत दिले आणि कारागीर काय काय उघडतात ते टिपून ठेवले. २०२२ साली ते प्रसिद्ध झाले. सहा दुकानांतील कारागिरांनी गरज नसताना खाजगी गोष्टी उघडून पाहिल्या आणि त्यांतील दोघांनी त्या उतरवूनही घेतल्या. बायकांच्या यंत्रांत हे अधिक झाले. माझ्या मुलीने हे वाचून दाखविले तेव्हा अंगावर काटा आला.

पावती घेताना आतील रॅम आणि डिस्क किती क्षमतेची आहे ते त्यावर लिहून घ्या, म्हणजे मोठी काढून लहान घातली असे होणार नाही. खर्चाचा अंदाज आधी कागदावर मागा. कोणताही भाग बदलला तर जुना भाग परत मागा. हल्ली “विंडोज टेन बंद झाले, यंत्र फेकून द्या” असेही सांगतात. कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा आधार थांबविला, हे खरे. पण त्यामुळे यंत्र बंद पडत नाही. सुरक्षेसाठी पुढे काय करावे हे दोन-तीन जाणत्यांना विचारून ठरवावे, घाबरून नवे घेऊ नये.

आणि बिल घ्याच. आपल्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला, आणि आता २०१९ चा नवा कायदा आहे. त्याप्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार सांगता येते. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तेथूनच तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. पण हातात बिल नसेल तर आपले म्हणणे मांडायचे कशाच्या आधारावर?

सगळेच दुकानदार लबाड, असे मी म्हणत नाही. रात्री उशिरापर्यंत बसून इमानाने काम करणारे कारागीर आपल्या गावात आहेत, आणि त्यांच्या हातातील कसबाची मजुरी त्यांना घासाघीस न करता द्यावी. आपल्याला थोडे कळू लागले, तर त्यांचीच कदर होईल.

कोणी म्हणेल, हे बायकांचे काम नव्हे. का बरे? शिवणयंत्राची बॉबिन आपण भरतो, कुकरची रिंग बदलतो, मिक्सरचे भांडे अडले तर सोडवितो. मागाचा तुटलेला धागा झटक्यात जोडणारी बोटे रॅमची पट्टी बसवू शकणार नाहीत काय?

शेवटी मंडळाला माझी एक सूचना आहे. हळदीकुंकवाच्या खर्चातून थोडे वाचवून एक पेटी करावी. तीत एक स्क्रू ड्रायव्हर, दोन मऊ ब्रश, पांढरे खोडरबर, दोन चपटे सेल आणि एक वही असावी. कोणाचे यंत्र कशाने बंद पडले, कोणी दुरुस्त केले आणि किती पैसे घेतले, हे त्या वहीत प्रत्येकीने लिहावे. वर्षभरात कोणाकडे जावे आणि कोणाकडे जाऊ नये, हे ती वहीच सांगेल. महिन्यातून एका दुपारी मी पेटी घेऊन येथे बसायला तयार आहे. ज्यांना झाकण उघडायची भीती वाटते त्यांनी अवश्य यावे.